वीणेची तार आणि आपली लेकरे

(विहाराच्या वर्धापनदिनी दिघा येथे झालेल्या प्रबोधन कार्यक्रमातील भाषण)

 

वर्धापनदिनाला विषय असतो तो बहुधा शिक्षणाचा, व्यसनमुक्तीचा, नाहीतर एकजुटीचा. आज आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. कॉलेजात संगीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना स्टेजवर जी भीती वाटते, त्या भीतीविषयी बोलायचे आहे. आणि त्या भीतीवर धम्मात कोणता उपाय सांगितला आहे, तेही बघायचे आहे. कुणी म्हणेल, गिरणीत साचे चालवणाऱ्या माणसांनी संगीतावर काय बोलावे? बरोबर आहे. रागदारी आम्हाला शिकवता येणार नाही. पण ही लेकरे आपल्या वस्तीतली आहेत, त्यांच्या घरचे हाल आपल्याला ठाऊक आहेत, आणि धम्मग्रंथ वाचण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

गाणे आपल्याला नवीन नाही. गावकीच्या काळात आपल्या वाडवडिलांना हलगी वाजवावी लागे, सनई-संबळ वाजवावे लागे, पण तो मान नव्हता, ती सक्ती होती. बाबासाहेबांच्या चळवळीने ते जू खाली उतरवले आणि गाणे नव्या कामाला लावले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. सभेला न येणारी बाई जलशाला येत होती आणि चळवळीचा विचार घेऊन घरी जात होती. पुढे वामनदादा कर्डक आले. १९२२ सालचा जन्म, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. तरुणपणापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरे मोठेपणी गिरवली आणि मग २००४ साली जाईपर्यंत हजारो गीते लिहिली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज तर आपल्या घरात भिंतीसारखे उभे आहेत. गायन पार्टी, कव्वालीचा सामना, चौदा एप्रिलचा मंडप, हीच आपली संगीत शाळा होती.

आता त्यांची नातवंडे कॉलेजात संगीत शिकू लागली आहेत. काही मुले मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे बघतात, काही लोककला अकादमीकडे. काही वाशीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा दरबारात आणि घराण्यात अडकलेले संगीत शाळेच्या वर्गात आले. १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत एकेक पायरी आहे. आज आपल्याकडे दिघा गाव स्टेशन झाले आहे, २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. गाडीत बसले की पोर सरळ वाशीला उतरते. वाट मोकळी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या वाटेवर पोराच्या पाठीवर एक ओझे आपणच ठेवले आहे. ते ओझे कोणते, बघा.

मुलगी पहिल्यांदा विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला निघते. आई म्हणते, "घराण्यात पहिलीच आहेस." वडील म्हणतात, "समाजाचं नाव काढ." शेजारची मावशी म्हणते, "बाबासाहेबांची लेक आहेस, डगमगू नको." सगळेच प्रेमाने बोलतात. पण स्टेजवर चढताना त्या मुलीच्या हातात एकटा तानपुरा नसतो. तिच्या खांद्यावर घराणे असते, वस्ती असते, सगळा समाज असतो. शेजारच्या मुलाचा सूर घसरला तर एक सूर घसरतो. आपल्या मुलीचा घसरला तर तिला वाटते, समाज घसरला. त्यात वर्गात कुणी उच्चारावरून हसलेले असते. कुणी म्हटलेले असते की तुझा गळा मंडपाचा आहे, बैठकीचा नाही. ते ती घरी सांगत नाही. मनात ठेवते.

मग काय होते? परीक्षकासमोर बसली की तोंडाला कोरड पडते. हात गार पडतात. तबला वाजवणाऱ्याच्या तळव्याला घाम सुटतो आणि बोट घसरते. पेटीवर बोटे थरथरतात. गाणाऱ्याचे तर सगळे भांडवल श्वास; तोच आखूड होतो. महिनाभर घोटलेली बंदिश पहिल्याच ओळीला विसरते. घरी येते तेव्हा विचारले तर म्हणते, "ठीक झालं." आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते. दोन-तीनदा असे झाले की क्लासला जाणे कमी होते, घसा दुखतो म्हणते, शेवटी पेटीवर कापड पडते ते कायमचे. आपण म्हणतो, आवड संपली. आवड संपलेली नसते, मंडळी. भीती जिंकलेली असते.

आता ही भीती म्हणजे दुबळेपणा आहे का? आम्ही सांगतो, नाही. अंगुत्तर निकायात, नवक निपातात, तथागतांनी पाच भये सांगितली आहेत. पहिले उपजीविकेचे भय, पोटाचे. दुसरे बदनामीचे. तिसऱ्याचे पाली नाव आहे परिससारज्ज भय. परिस म्हणजे परिषद, सभा. सारज्ज म्हणजे संकोच, माणसांसमोर उडणारी गाळण. चौथे मरणाचे आणि पाचवे दुर्गतीचे. यादी पुन्हा एकदा मनात म्हणून बघा. चार माणसांसमोर उभे राहण्याची भीती भगवंतांनी मरणाच्या भयाच्या शेजारी ठेवली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला नाव देऊन ठेवले, ती तुमच्या मुलीला एकटीलाच कशी होईल? ती माणसाच्या जातीची भीती आहे.

शरीराचेही यात काम आहे. समोर धोका दिसला की शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करते. रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, छातीचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावते म्हणून बोटे गार पडतात. वाघ समोर आला तर हे फार उपयोगी. परीक्षक समोर आला तर अडचणीचे, कारण शरीराला वाघ आणि परीक्षक यांतला फरक लवकर कळत नाही. म्हणून जिचे हात थरथरतात तिला "घाबरू नको" असे सांगून काही होत नाही. तहान लागलेल्याला "तहान लागू देऊ नको" म्हणण्यासारखे ते आहे.

थोडी धडधड चांगलीच असते, बरं का. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांना आढळले की अवघड काम शिकताना मध्यम दाब असेल तर उंदीर लवकर शिकतो. दाब अगदी कमी असला तरी शिकणे रेंगाळते आणि फार वाढवला तरी रेंगाळते. हे विज्ञान झाले. पण हीच गोष्ट तथागतांनी एका वीणा वाजवणाऱ्याला सांगितली होती, ती आता ऐका.

सोण कोळिविस नावाचा चंपेच्या श्रीमंत घरचा मुलगा. फार लाडात वाढलेला, तळपाय अतिशय कोवळे. तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात राहून साधना करू लागला. मन लावून करू लागला म्हणजे किती? चंक्रमण करता करता पायाची सालपटे निघाली, चालण्याची वाट रक्ताने भरली. तरी मनाला मोकळेपणा मिळेना. मग तो स्वतःलाच म्हणू लागला की भगवंतांच्या कष्टाळू शिष्यांत मी एक, तरी मला काही साधले नाही. घरी पैसा आहे, परत जाऊन दानधर्म करत राहावे हेच बरे.

आपल्या मुलीने पेटीवर कापड टाकले, तीच ही अवस्था आहे. मेहनत कमी नव्हती. मेहनतीचा ताण इतका वाढला की सोडून देण्याची इच्छा झाली.

भगवंत त्याच्याकडे आले. रागावले नाहीत. "आणखी जोर लाव" असेही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याच्या धंद्यातला नाही, आवडीतला प्रश्न विचारला. सोणा, घरी असताना तू वीणा चांगली वाजवत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा वाजे का? नाही भन्ते. फार सैल सोडल्या तर? नाही भन्ते. नेमक्या ताणल्या तर? हो भन्ते. मग भगवंतांनी त्याला समजावले की अति जोराने मन अस्वस्थ होते आणि अति ढिलाईने आळस येतो, म्हणून प्रयत्नाची समता राख. पालीत त्याला विरियसमता म्हणतात. सोणाने ते ऐकले आणि पुढे तो अर्हत झाला.

साचेखात्यात काम केलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ताण्याचा धागा फार खेचला की तटातट तुटतो, साचा बंद. ढिला ठेवला की कापडाला गुंता आणि दोष. चांगला कामगार धाग्यावर ओरडत नाही, हात लावून ताण बघतो. तानपुऱ्यालाही घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात आणि मग आवाज खुलतो. त्याला जवारी लावणे म्हणतात. एवढी मोठी तार, आणि तिचा आवाज खुलवायला सुताचा एक मऊ दोरा लागतो.

तो मऊ दोरा म्हणजेच स्वतःविषयीची करुणा. आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे.

आपण वंदनेत मैत्री म्हणतो, करुणा म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. सर्व प्राणिमात्र म्हटल्यावर त्यात आपण स्वतः येतो की नाही? मुंगीवर दया करायची, शेजाऱ्यावर करायची आणि स्वतःला मात्र रात्रंदिवस शिव्या घालायच्या, हे प्रतिज्ञेत बसत नाही. आचार्य बुद्धघोष पंधराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांनी विशुद्धिमार्गात सांगितले आहे की मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करावी. का? तर जसे मला सुख हवे तसेच दुसऱ्यालाही हवे, हे आधी स्वतःत बघून मगच दुसऱ्यात दिसते.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली या गोष्टीची शास्त्रीय मांडणी केली. बौद्ध ध्यानाच्या अभ्यासातूनच त्या इकडे वळल्या. त्या तीन गोष्टी सांगतात. पहिली, चूक झाली तर स्वतःशी जिवलग मैत्रिणीसारखे बोला. दुसरी, हे दुःख माझ्या एकटीचे नाही, सगळ्या माणसांचे आहे, हे ओळखा. तिसरी, जे वाटते आहे ते दाबू नका आणि वाढवूही नका, आहे तसे बघा. तिसरीला आपण सम्यक स्मृती म्हणतो. म्हणजे आपल्याच घरचे धान्य परदेशातून दळून आले आहे. आपण निदान भाकरी तरी करून खावी.

इथे कुणी वडीलधारे म्हणतील, "असं स्वतःला गोंजारत बसलं तर पोरं शेफारतील. आम्हाला कुणी गोंजारलं होतं का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून करुणा आणि कीव यांतला फरक नीट समजून घ्यावा. स्वतःची कीव करणारा म्हणतो, माझेच नशीब फुटके, आता काही होणार नाही, आणि बसून राहतो. स्वतःवर करुणा करणारा म्हणतो, आज तान तुटली, वाईट वाटले, उद्या ती तान सावकाश लयीत पन्नास वेळा घ्यायची. सोणाला भगवंतांनी साधना सोडायला सांगितली नव्हती. तार जुळवून वाजवत राहायला सांगितले होते. ज्याला स्वतःच्या चुकीची दहशत नाही तोच चुकीकडे डोळे उघडून बघू शकतो. बाकीचे चूक लपवण्यातच सगळी ताकद घालवतात.

संयुक्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो, वेदना होते. अडाणी माणूस त्यावर शोक करतो, छाती पिटतो, आणि जणू दुसरा बाण लागल्यासारखे दुःख भोगतो. शहाण्याला पहिल्याचीच वेदना होते. स्टेजवर सूर चुकला हा पहिला बाण. तो कुणालाही लागतो. "माझी लायकीच नाही, मी इथे यायलाच नको होतं, सगळे हसत असतील," हा दुसरा बाण. आपल्या मुलांच्या बाबतीत हा दुसरा बाण फार जुना आहे. तो त्यांनी घडवलेला नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्याला सांगितले गेले की तुमची लायकी नाही. बाहेरच्यांनी म्हणायचे ते आता मूल स्वतःच आतून म्हणते. म्हणून आमच्या मते स्वतःवर करुणा करायला शिकणे हे नुसते मनाच्या आरोग्याचे काम नाही. स्वाभिमानाचे काम आहे, चळवळीचे काम आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९२२ साली त्यांनी लंडन विद्यापीठाला डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. परीक्षकांना तो तसाच पसंत पडला नाही, पुन्हा लिहून द्या म्हणाले. एवढा विद्वान माणूस, पैशाची ओढाताण, मुंबईला परत यावे लागले. त्यांनी "मी नालायक" म्हणून लेखणी खाली ठेवली नाही आणि "परीक्षक नालायक" म्हणूनही ठेवली नाही. इथे बसून प्रबंध सुधारला, पाठवला, आणि १९२३ साली तो मान्य झाला. आपण भिंतीवर लावतो ती पदव्यांची यादी. त्या यादीत एक पदवी अशी परत आलेल्या कागदांतून उभी राहिलेली आहे, हे पोरांना सांगा. आणि याच बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकायला घेतले होते. व्हायोलिन हे वाद्य असे की नवशिक्याच्या हातात नुसते किंचाळते. ज्ञानाचा एवढा डोंगर असलेला माणूस पुन्हा नवशिका होऊन बेसूर वाजवायला लाजला नाही, यातून आपण काही घ्यायचे की नाही?

जगातही हेच आहे. व्लादिमिर होरोविट्झ हा पियानोचा जगज्जेता कलावंत. १९५३ साली त्याने जाहीर कार्यक्रम बंद केले ते बारा वर्षे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो परत आला तेव्हा सुरुवातीलाच काही सूर चुकले. तरी तो उठून गेला नाही, पुढे वाजवत राहिला, आणि तो कार्यक्रम आजही लोक आठवतात. ज्याने आयुष्यभर वाजवले त्याला धडधड होते, तर एफ.वाय.च्या पोरीला का होऊ नये?

आता एक कडू गोष्ट. आपल्या गायन पार्ट्यांत स्टेजची भीती नव्हती असे नाही. ती होती, फक्त तिचे औषध चुकीचे होते. मंडपामागे एक घोट घेतला की हात थांबतो, गळा मोकळा होतो, असे म्हणत म्हणत किती गुणी गळे गेले, ते इथल्या ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नावे घेण्याची गरज नाही. आपण त्यांना दारुडे म्हणून मोकळे झालो. त्या घोटामागे भीती होती आणि ती भीती बोलून दाखवायला जागा नव्हती, हे आपण विचारात घेतले नाही. पाचवे शील मोडले गेले ते पुष्कळदा अशा एकटेपणातून. आजच्या पोरांना थरथर थांबवणाऱ्या गोळ्यांची माहिती असते. प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी आहे, ती छातीची धडधड कमी करते. पण दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरला विचारल्याशिवाय मित्राच्या खिशातली गोळी कुणी घेऊ नये. आणि भीती इतकी वाढली की झोप उडाली, जेवण तुटले, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर लपवू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तसेच हे.

मुलांसाठी चार गोष्टी सांगतो. कार्यक्रमाआधी आनापानसती करा, पाच मिनिटे. श्वास आत घेतला त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावा, धडधड खाली येते. बंदिशीची सुरुवात इतकी घोटा की झोपेतून उठवले तरी यावी, कारण भीती पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असते. चूक झाली की मागे वळून बघू नका. ताल कुणासाठी थांबत नाही, पण सम प्रत्येक आवर्तनाला परत येते. पुढची सम गाठा. आणि कार्यक्रमानंतर वहीत तीन ओळी लिहा: काय बरे झाले, काय चुकले, उद्या काय करायचे. चौथी ओळ स्वतःला नावे ठेवणारी लिहायची नाही.

घरच्यांसाठी मात्र भगवंतांनीच सांगून ठेवले आहे. ज्या सुत्तात ती पाच भये आहेत, त्याच सुत्तात त्यांच्यापलीकडे नेणारी चार बळे आहेत: प्रज्ञेचे बळ, प्रयत्नाचे बळ, निर्दोष वागण्याचे बळ आणि संग्रहाचे बळ. संग्रह म्हणजे माणसे जोडून धरणे. त्यात दान येते, प्रिय वाणी येते, दुसऱ्याच्या हिताचे काम येते आणि समानतेने वागणे येते. म्हणजे सभेचे भय जिंकायला नुसती एकट्याची हिंमत पुरत नाही, भोवतीची माणसेही लागतात. मूल कार्यक्रमाहून आले की पहिला प्रश्न "नंबर आला का?" हा नको. "जेवलीस का? काय गायलीस? आम्हाला म्हणून दाखव," असे विचारा. दोन गायकांची तुलना करू नका. "समाजाचं नाव काढ" म्हणण्याऐवजी एवढेच सांगा की समाज तुझ्या पाठीशी आहे, तू चांगली गायलीस तरी आणि चुकलीस तरी.

आणि आता विहारासाठी. इथे एक शंका येईल की धम्मात गाणे-वाजवणे चालते का? उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्याने नृत्य-गीत-वादनापासून दूर राहावे, हे खरे आहे आणि ते पाळावे. पण पंचशीलात तशी मनाई नाही. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व भगवंतांसमोर वीणा वाजवून गातो आणि भगवंत त्याच्या तारेचा व गळ्याचा मेळ चांगला जमला म्हणून कौतुक करतात. तेव्हा शंका ठेवू नका.

आपल्या वस्तीची अडचण काय आहे? ईश्वरनगर असो, रामनगर असो, इलठणपाडा असो, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपलेला, त्यामुळे पोरीने सकाळी सूर लावायचा नाही. संध्याकाळी टीव्ही, शेजाऱ्यांची कुरबुर, ठाणे-बेलापूर रोडचा आवाज. ज्याला घरी मोकळ्या गळ्याने चुकायला जागा नाही, त्याची पहिली चूक स्टेजवरच होणार. आणि विहाराचा हा हॉल तर सकाळी वंदना झाली की संध्याकाळपर्यंत कुलपात असतो.

म्हणून कमिटीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवतो. एक, रोज सकाळी वंदनेनंतर दोन तास हा हॉल रियाजाला खुला करावा. चावीची जबाबदारी महिला मंडळ आणि तरुणांनी वाटून घ्यावी. दोन, दर रविवारी अर्धा तास एक छोटी बैठक घ्यावी. दहा-पंधरा माणसे, माईक नाही, हारतुरे नाहीत, नंबर नाहीत. ज्याला यायचे त्याने जे अर्धवट बसले आहे ते म्हणावे, वाजवावे. अडखळला तर तिथूनच पुन्हा सुरू करावे. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल, पण कुणी हसायचे नाही आणि उठून जायचे नाही. माणसांसमोर चुकूनही माणसात राहता येते, हे लेकरांना इथे कळू दे. विद्यापीठाचे मोठे स्टेज मग इतके परके वाटणार नाही. ही सवय गाण्यापुरती राहणार नाही. उद्या त्याच पोरीला नोकरीच्या मुलाखतीत बोलायचे आहे, कोर्टात उभे राहायचे आहे, वॉर्डाच्या सभेत प्रश्न विचारायचा आहे.

याला खर्च नाही. चटई आहे, पंखा आहे, माणसे आहेत. फक्त कुलूप उघडायचे आहे, आणि जिभेवर थोडा ताबा ठेवायचा आहे.

दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींना शेवटचे सांगतो. तुम्ही आमच्यासाठी गाता, याचा आम्हाला अभिमान आहे. पण आमचे कर्ज फेडण्यासाठी गाऊ नका. तुम्हाला गाणे आवडते म्हणून गा. तार जुळवा, फार ताणू नका, सैलही सोडू नका. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही इथे चटईवर बसलेले असू. पहिल्या दिवशी एकच जण आला तरी ऐकू.



भवतु सब्ब मङ्गलं. जय भीम! जय बुद्ध! जय भारत!